टीएसएच, कॉर्टिसॉल, प्रोलॅक्टिन: आकड्यामागची मेंदू आणि ग्रंथींची साखळी

मासुंदा_काठ · धागाकर्ता · शनिवार, सकाळी ९:१०

हार्मोनच्या तपासण्या आता घोडबंदर रोडपासून उलव्यापर्यंत कुठेही घरबसल्या होतात. सकाळी माणूस येऊन रक्त घेऊन जातो, संध्याकाळी मोबाईलवर पीडीएफ येते. त्यात एखादा आकडा ठळक अक्षरात असतो आणि सोसायटीच्या ग्रुपवर विचारणा होते, 'हे वाढलंय, काय करू?' मला कळकळीने सांगायचंय की हार्मोनचा आकडा एकटा वाचायचा नसतो. त्या ग्रंथीला हुकूम कोण देतं आणि त्याची पातळी किती आहे, रक्त किती वाजता घेतलं, आणि त्या आठवड्यात पोटात कोणती औषधं गेली, या तीन गोष्टी शेजारी ठेवल्याशिवाय त्यावरून गोळी सुरू करू नये आणि बंद तर अजिबात करू नये.

हे असं का, ते कळायला मज्जासंस्था आणि अंतःस्रावी ग्रंथी एकमेकींना कुठे जोडल्या आहेत ते बघू.

निरोप पाठवायच्या शरीराच्या दोन तऱ्हा आहेत. मज्जातंतू एका ठरावीक पत्त्यावर मिलिसेकंदांत निरोप टाकतो. हार्मोन रक्तात सुटतं, सगळीकडे फिरतं, पण ज्या पेशीवर त्याचा ग्राही असतो तीच पेशी दाद देते. हे वेगळेपण १९०२ मध्ये बेलिस आणि स्टार्लिंग यांनी दाखवलं. त्यांनी कुत्र्याच्या लहान आतड्याच्या एका भागाचे मज्जातंतू तोडले, रक्तवाहिन्या तेवढ्या शाबूत ठेवल्या आणि आतड्यात आम्ल सोडलं. तरीही स्वादुपिंडातून रस आलाच. तंतू तुटलेले होते, म्हणजे निरोप रक्तातून गेला. त्या द्रव्याला सिक्रेटिन म्हणतात. 'हार्मोन' हा शब्द स्टार्लिंग यांनी १९०५ मध्ये वापरला. मग १९२१ मध्ये ऑटो लोवी यांनी बेडकाच्या एका हृदयाची व्हेगस नस उद्दीपित करून ठोके मंदावले, त्या हृदयातलं द्रावण दुसऱ्या हृदयाला दिलं, तर तेही मंदावलं. म्हणजे मज्जातंतूसुद्धा शेवटच्या टोकाला रसायनच सोडतो. फरक अंतराचा आहे: तंतूचं रसायन २० ते ४० नॅनोमीटरची फट ओलांडतं, ग्रंथीचं रसायन डोक्यापासून पायापर्यंत जातं.

दोघींचा सांधा कवटीच्या तळाशी, नाकाच्या मुळामागे आहे. तिथे खोगिरासारख्या हाडाच्या खळग्यात जेमतेम अर्धा ग्रॅम वजनाची पिट्युटरी बसलेली असते आणि एका बारीक देठाने वरच्या हायपोथॅलॅमसला लटकलेली असते. तिचे दोन भाग अगदी वेगळ्या पद्धतीने चालतात. मागचा भाग म्हणजे खरं तर मेंदूचाच लांबलेला तुकडा. हायपोथॅलॅमसमधल्या चेतापेशींचे तंतू देठातून खाली येतात आणि ऑक्सिटोसिन व लघवी आटवणारं व्हॅसोप्रेसिन थेट रक्तात सोडतात. पुढच्या भागाकडे असे तंतू येत नाहीत. तिथे देठातून बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं उतरतं. वरच्या पेशी त्यात अगदी कणभर हार्मोन सोडतात आणि ते सगळ्या रक्तात पातळ होण्याआधीच पुढच्या भागाला पोचतं.

या देठावर गाठीचा दाब आला की काय होतं बघा. वरून येणारे हुकूम अडतात, त्यामुळे पुढच्या भागातली बाकीची हार्मोन्स कमी होतात, पण प्रोलॅक्टिन, म्हणजे अंगावर दूध आणणारं हार्मोन, वाढतं. कारण त्याच्यावर वरून सतत डोपामिनचा लगाम असतो आणि आता लगामच पोचत नाही. आकडा वाढलेला, पण प्रोलॅक्टिन बनवणारी गाठ असेलच असं नाही.

उलट निरोपाचं गणित गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीसारखं आहे. टाकीतलं पाणी उतरलं की सेन्सर पंप चालू करतो, भरलं की बंद. थायरॉईडचं टी-फोर हे टाकीतलं पाणी आणि पिट्युटरीचं टीएसएच म्हणजे पंपाचा आवाज. टाकी रिकामी व्हायला लागली की आवाज खूप वाढतो: टी-फोर निम्म्यावर आलं तर टीएसएच शंभर पटींच्या आसपास जाऊ शकतं. म्हणूनच बिघाड पकडायला टीएसएच इतकं संवेदनशील ठरतं. पण सेन्सरच बिघडला असेल तर? टाकी रिकामी आणि पंप शांत. पिट्युटरीच्या आजारात फ्री टी-फोर, म्हणजे रक्तातलं मोकळं टी-फोर, कमी असतं आणि टीएसएच 'नॉर्मल' छापून येतं. थकवा, थंडी सोसत नाही, पाळी थांबलेली, डोकेदुखी, बाजूचं दिसणं कमी झालेलं, अशा माणसाचं नुसतं टीएसएच करून 'थायरॉईड ठीक आहे' म्हणणं धोक्याचं आहे. तिथे फ्री टी-फोर सोबत हवंच.

जाणकारांनी आपापल्या भागातली भर घालावी ही विनंती.


पारसिक_टेकडी · शनिवार, सकाळी ११:३५

मासुंदा सर, उत्तम सुरुवात. मज्जातंतूंच्या बाजूची भर घालतो, कारण रिपोर्ट चुकीचा वाचण्याचं दुखणं इथेही तेवढंच आहे.

विसावलेल्या चेतापेशीच्या आत बाहेरच्या तुलनेत साधारण उणे ७० मिलिव्होल्ट असतात. तीन सोडियम बाहेर टाकून दोन पोटॅशियम आत घेणारा पंप हा फरक टिकवतो. उद्दीपनाने हा आकडा उणे ५५ च्या आसपास आला की सोडियमची दारं उघडतात, आतला भार अधिक ३० पर्यंत उडी मारतो, मग सोडियमची दारं बंद आणि पोटॅशियमची उघडी. सगळा खेळ एखाद्या मिलिसेकंदाचा. प्रत्येक उडी सारखीच असते, अर्धी उडी नसते. दुखणं जास्त की कमी हे मेंदूला कळतं ते उड्या किती दाट येतात आणि किती तंतूंमधून येतात त्यावरून. दाढ काढताना देतात ते लिग्नोकेन नेमकी ही सोडियमची दारं अडवतं.

वेग तंतूच्या जाडीवर आणि त्याच्याभोवतीच्या मायलिनच्या वेष्टणावर ठरतो. ठाणे स्टेशनच्या पुलाच्या पायरीला अंगठा ठेचला की आधी लख्खकन तीक्ष्ण कळ येते, आणि सेकंदभराने ठसठस सुरू होते. पहिली कळ पातळ वेष्टणाच्या तंतूंतून सेकंदाला ५ ते ३० मीटर वेगाने जाते, दुसरी वेष्टण नसलेल्या तंतूंतून सेकंदाला ०.५ ते २ मीटरने. अंगठ्यापासून मज्जारज्जूपर्यंत मीटरभर अंतर, त्यामुळे दोघींमधली फट आपल्याला चक्क जाणवते. स्नायूंकडून ताणाची खबर आणणारे जाड तंतू मात्र सेकंदाला ८० ते १२० मीटर गाठतात.

आता एनसीव्ही, म्हणजे मज्जातंतूतून निरोप किती वेगाने जातो ते मोजणारी तपासणी. वेग मंदावलेला दिसला तर वेष्टण खराब, उंची म्हणजे अँप्लिट्यूड कमी झाली तर आतला तंतू खराब, हा ढोबळ नियम. गिलियन-बारे, म्हणजे हातपाय झपाट्याने लुळे पाडणारा मज्जातंतूंचा आजार, त्याच्या नेहमीच्या प्रकारात वेष्टणावर हल्ला होतो, मधुमेहात प्रामुख्याने तंतू झिजतात. लांब तंतू आधी झिजतात, म्हणून मुंग्या पायाच्या बोटांपासून सुरू होतात.

दोन गोष्टी हमखास चुकतात. पहिली, एसीची थंडी. हात एका अंशाने गार झाला की वेग सेकंदाला सुमारे २ मीटरने घटतो. २८ अंशाच्या गार हाताचा वेग निरोगी माणसातही आजारासारखा दिसू शकतो. हाताची त्वचा निदान ३२ अंश असायला हवी. तपासणीच्या खोलीत गारठला असाल तर तंत्रज्ञाला सांगा, कोमट पाण्याच्या पिशवीने हात शेकून मग मोजू द्या. दुसरी, एनसीव्ही फक्त जाड तंतू मोजते. तळपाय रात्री आग आग होतात आणि एनसीव्ही नॉर्मल आली, म्हणून 'काही नाही, मनाचं आहे' असं कोणी म्हटलं तर ते मानू नका. जळजळ बारीक तंतूंची असते आणि ते या तपासणीत दिसतच नाहीत.

मधुमेह असलेल्यांनी वर्षातून एकदा १० ग्रॅमचा मोनोफिलामेंट (स्पर्श तपासायचा नायलॉनचा धागा) आणि १२८ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क लावून पाय तपासून घ्यावेत. पाच मिनिटांचं काम आहे. आणि मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं चालू असेल तर बी-ट्वेल्व्ह बघा. त्याची कमतरता अगदी मधुमेहासारख्याच मुंग्या आणते, वर ती भरून निघते.


कोपरी_पूल · शनिवार, दुपारी १:०५

+१. बी-ट्वेल्व्हबद्दल एक जोड: तपासणी आधी, इंजेक्शन किंवा गोळी नंतर. आधी इंजेक्शन घेऊन मग रक्त दिलं की आकडा भरपूर येतो आणि खरी कमतरता झाकली जाते.


तुर्भे_बेंच · शनिवार, दुपारी ३:५०

लॅबच्या बाजूने लिहिते. नमुना नळीत जाण्याआधीच निम्म्या चुका झालेल्या असतात.

बायोटिन. केस आणि नखांच्या गोळ्यांत ५ ते १० मिलिग्रॅम बायोटिन असतं. बऱ्याच यंत्रांमधली रासायनिक पकड बायोटिन आणि स्ट्रेप्टाव्हिडिन या जोडीवरच चालते. रक्तात बायोटिन भरपूर असेल तर त्या यंत्रावर टीएसएच खोटं कमी येतं आणि फ्री टी-फोर खोटं जास्त. कागदावर हुबेहूब थायरॉईड वाढल्याचं चित्र, माणूस ठणठणीत. रक्त देण्याआधी निदान दोन दिवस, मोठा डोस असेल तर तीन दिवस ती गोळी थांबवा. नमुना घ्यायला आलेल्याला सांगा आणि फॉर्मवर लिहायला लावा.

प्रोलॅक्टिन. झोपेत ते वाढतं, म्हणून उठल्यावर दोन-तीन तासांनी रक्त द्यावं. सुई टोचायच्या भीतीनेही थोडं चढतं. पण सगळ्यात जास्त घोळ ॲसिडिटीच्या कॅप्सूलचा. पॅन्टोप्राझोलसोबत डोम्पेरिडोन किंवा लेव्होसल्पिराइड असलेल्या कॅप्सूल घरोघरी असतात. दोन्ही औषधं डोपामिनचा लगाम सोडवतात, म्हणजे सरांनी देठाचं जे सांगितलं तेच औषधाने घडतं. उलटीचं मेटोक्लोप्रामाइड आणि मानसिक आजारावरचं रिस्पेरिडोनही यात आले. पोटाची कॅप्सूल डॉक्टरांना विचारून तीन-चार दिवस थांबवून पुन्हा मोजा. मनाच्या आजाराची गोळी मात्र रिपोर्टसाठी स्वतःहून थांबवू नका, ते फार महागात पडतं.

प्रोलॅक्टिन जास्त, पण पाळी नियमित आणि दूध येत नाही, असं असेल तर लॅबला मॅक्रोप्रोलॅक्टिन बघायला सांगा. कधीकधी प्रोलॅक्टिनला प्रतिद्रव्य चिकटून मोठा गोळा होतो. यंत्र तो मोजतं, पण शरीरावर त्याचा फारसा परिणाम नसतो. याच्या उलटही होतं: एमआरआयमध्ये मोठी गाठ आणि प्रोलॅक्टिन थोडंसंच वाढलेलं. तेव्हा नमुना शंभरपट पातळ करून पुन्हा लावायचा. हार्मोन इतकं प्रचंड असतं की यंत्राची पकडच भरून जाते आणि आकडा खाली येतो.

अजून एक. डेंग्यूने किंवा दुसऱ्या तापाने ॲडमिट असताना पॅकेज म्हणून थायरॉईड करू नका. मोठ्या आजारात मेंदूच टीएसएच दाबतो आणि बरं होताना ते थोडं वर उडी मारतं. थायरॉईडचाच संशय नसेल तर बरं झाल्यावर सहा आठवड्यांनी करा.


ऐरोली_से८ · शनिवार, संध्याकाळी ६:२०

प्रश्न रात्रपाळीचा. महापे, ऐरोली, घणसोलीच्या ऑफिसांत कितीतरी जण संध्याकाळी सात ते पहाटे चार काम करतात. वाशीच्या मार्केटमध्येही काम रात्रीच सुरू होतं. माणूस सकाळी सहाला झोपून दुपारी एकला उठत असेल तर 'सकाळी आठचं कॉर्टिसॉल', म्हणजे ताणाच्या हार्मोनच्या, या तपासणीला काय अर्थ उरतो?


मासुंदा_काठ · शनिवार, रात्री ८:४५

फार नेमका प्रश्न. डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना छेदतात, त्याच्या अगदी वर हायपोथॅलॅमसमध्ये तांदळाच्या दाण्याहूनही लहान असा चेतापेशींचा पुंजका असतो. हे शरीराचं मुख्य घड्याळ. डोळ्याच्या पडद्यावरचा उजेड त्याला वेळ सांगतो. अंधार पडला की ते पिनियल ग्रंथीला मेलॅटोनिन सोडू देतं, आणि पहाटेकडे कॉर्टिसॉल चढवायला लागतं. जाग आल्यावर अर्ध्या-पाऊण तासात कॉर्टिसॉल शिखर गाठतं, मग दिवसभर उतरत मध्यरात्रीच्या सुमाराला तळाला जातं. म्हणून तेच ८ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर सकाळी आठला मधलं उत्तर आहे, तर रात्री बाराला ते नक्कीच जास्त.

रात्रपाळीत पंचाईत अशी की घड्याळ पूर्ण उलटं फिरत नाही. सकाळी घरी परतताना ठाणे-बेलापूर रस्त्यावरचं ऊन डोळ्यांत जातं, सुट्टीच्या दिवशी माणूस सगळ्यांसोबत रात्री झोपतो, आणि घड्याळ मध्येच कुठेतरी अडकून राहतं. म्हणून 'तुमची दुपार म्हणजे सकाळ' असं सोपं गणितही लागू पडत नाही.

मग करायचं काय? कॉर्टिसॉल कमी असल्याचा संशय असेल तर वेळेवर कमी अवलंबून असलेली तपासणी घ्यावी: २५० मायक्रोग्रॅम कृत्रिम एसीटीएच (मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथीला कॉर्टिसॉल बनवायचा हुकूम देणारं पिट्युटरीचं हार्मोन) टोचून ३० आणि ६० मिनिटांनी कॉर्टिसॉल मोजतात. ग्रंथी तयारीत असेल तर आकडा चांगला उसळतो. जुन्या यंत्रांवर १८ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर ही रेघ धरत. नव्या यंत्रांवर ती खाली येते, म्हणून लॅबची स्वतःची रेघ विचारा. पिट्युटरीला नुकतीच इजा झाली असेल तर मात्र ही तपासणी फसते, कारण खालची ग्रंथी अजून वाळलेली नसते आणि टोचल्यावर उत्तर देते. कॉर्टिसॉल जास्त असल्याचा संशय असेल तर मध्यरात्रीची लाळेची तपासणी रात्रपाळीवाल्यांना लावू नये. त्याऐवजी झोपण्याआधी १ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन घेऊन, उठल्यावर ठरलेल्या वेळी रक्त देतात. निरोगी माणसात कॉर्टिसॉल १.८ च्या खाली दबतं. वेळा डॉक्टरांना पाळी सांगून आखून घ्या.

गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर तेही सांगा. इस्ट्रोजेनमुळे कॉर्टिसॉल वाहून नेणारं प्रथिन वाढतं, एकूण आकडा फुगतो, मोकळं कॉर्टिसॉल तेवढंच असतं.


येऊर_पायथा · रविवार, सकाळी ८:१५

थायरॉक्सिनच्या, म्हणजे टी-फोरच्याच, गोळीबद्दल लिहितो, कारण आपल्याकडे सर्वांत जास्त घरांत पोचलेलं हार्मोन हेच.

टी-फोरचं रक्तातलं अर्धायुष्य सुमारे ७ दिवस आहे. डोस बदलला की पातळी स्थिर व्हायला पाच अर्धायुष्यं, म्हणजे पाचेक आठवडे लागतात, आणि पिट्युटरीला जुळवून घ्यायला अजून थोडा वेळ. म्हणून टीएसएच सहा ते आठ आठवड्यांनीच बघायचं. पंधरा दिवसांत बघून पुन्हा डोस वाढवला की टाकी ओसंडते: धडधड, हात कापणं, झोप उडणं. ग्रंथीचं काम पूर्ण थांबलेल्या प्रौढाला किलोमागे साधारण १.६ मायक्रोग्रॅम लागतं, म्हणजे ६० किलोला ९६, व्यवहारात १००. वयस्कर किंवा हृदयविकार असलेल्यांना डॉक्टर १२.५ किंवा २५ पासून हळूहळू चढवतात.

गोळी अनशेपोटी, साध्या पाण्याबरोबर. चहा-कॉफी आणि नाश्ता अर्ध्या ते एक तासाने. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या चार तास लांब ठेवा, त्या आतड्यात थायरॉक्सिनला बांधून टाकतात. सकाळी पहिल्या लोकलमुळे जमत नसेल तर रात्री जेवणानंतर तीन तासांनी घेतली तरी चालते, पण रोज एकच वेळ ठेवा. फ्री टी-फोर करायचं असेल त्या दिवशी आधी रक्त, मग गोळी, कारण गोळीनंतर काही तास ते तात्पुरतं चढतं.

एका गोष्टीकडे हटकून दुर्लक्ष होतं: बाटली. शंभर गोळ्यांची बाटली उघडून गोळ्या प्लास्टिकच्या डबीत भरतात आणि डबी स्वयंपाकघरातल्या ओट्यावर, गॅसशेजारी. थायरॉक्सिनला ऊन, उष्णता आणि दमट हवा सोसत नाही, आणि आपल्या खाडीकाठची जुलैची हवा कशी असते ते सगळ्यांना ठाऊक आहे. गोळ्या मूळ बाटलीतच, आतली ओल शोषणारी पुडी न काढता, झाकण घट्ट लावून, कपाटात ठेवा. पावसाळ्यानंतर टीएसएच वाढलेलं दिसलं तर डोस वाढवण्याआधी ही चौकशी करा.

दिवस राहिले आणि आधीपासून गोळी चालू असेल, तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट न बघता डॉक्टरांना फोन करा. गरज लगेच २५ ते ३० टक्के वाढते. बहुतेक वेळा आठवड्याला दोन जादा गोळ्या, म्हणजे सातऐवजी नऊ, अशी सुरुवात करतात. पहिल्या तीन महिन्यांत बाळाचा मेंदू मुख्यतः आईच्या टी-फोरवरच घडत असतो.


नेरूळ_खाडी · रविवार, सकाळी १०:४०

येऊर दादा, बाळाचा विषय काढलात म्हणून. जन्मल्यावर अर्ध्या तासात, बाहेरच्या गारव्याने, बाळाचं टीएसएच ६० ते ८० पर्यंत उसळतं आणि पुढच्या दोन-तीन दिवसांत उतरतं. टाचेतून थेंब घेऊन करायची तपासणी म्हणून ४८ ते ७२ तासांनी करतात. दुसऱ्याच दिवशी घरी सोडताना घेतलेल्या नमुन्यात आकडा जास्त आला तर घाबरू नका, पण दुसरा नमुना टाळूही नका. खरंच ग्रंथी काम करत नसेल तर पहिल्या दोन आठवड्यांत, किलोमागे रोज १० ते १५ मायक्रोग्रॅमने, गोळी सुरू झाली पाहिजे. गोळी चमच्यात चुरून थोड्या आईच्या दुधात कालवून लगेच द्यायची, बाटलीभर दुधात नाही, कारण बाळ सगळं संपवेलच असं नाही. जन्मतः ही बाळं चांगली गुटगुटीत दिसतात, रडतात, दूध पितात. दिसण्यावरून ओळखू येत नाहीत, म्हणून तपासणीचा आग्रह धरा. उशीर झाल्याने गेलेली बुद्धी नंतरच्या गोळीने पूर्ण परत येत नाही.


पारसिक_टेकडी · रविवार, दुपारी १२:२५

आता चेतातंतू आणि ग्रंथी एकाच अवयवात. मूत्रपिंडावर टोपीसारखी बसलेली अधिवृक्क ग्रंथी: बाहेरची साल कॉर्टिसॉल आणि शरीरातलं मीठ राखणारं अल्डोस्टेरॉन बनवते, आतला गर एड्रिनलिन. हा गर म्हणजे तंतू न फुटलेल्या चेतापेशीच. मज्जारज्जूतून निघालेला तंतू मध्ये कुठेही न थांबता थेट इथे येतो.

सुटलेली लोकल धरायला धावताना अंगात काय क्रमाने होतं पाहा. आधी मेंदू व्हेगसचा हात काढून घेतो, एक-दोन ठोक्यांतच नाडी वाढते. मग काही सेकंदांत सिंपथेटिक, म्हणजे धावपळीसाठी शरीर सज्ज करणारे, तंतू जोर लावतात. मागोमाग एड्रिनलिन रक्तातून पोचतं. त्याचं अर्धायुष्य दोन-तीन मिनिटांचं, म्हणून डब्यात टेकल्यावर धडधड लवकरच निवते. ताण मोठा असेल तर कॉर्टिसॉलही चढतं, पण त्याचं शिखर वीस-तीस मिनिटांनी, तेव्हा गाडी भांडुपच्याही पुढे गेलेली असते.


कोपरी_पूल · रविवार, दुपारी २:००

हाच क्रम साखर उतरताना जीव वाचवतो. ७० च्या खाली जाताना साखर वर आणणारं ग्लुकॅगॉन आणि एड्रिनलिन सुटतं: कापरं, धडधड, घाम, भूक. ५० च्या आसपास मेंदूच उपाशी पडतो: बोलणं अडखळतं, माणूस चिडतो, विचित्र वागतो. पहिली सूचना ओळखून लगेच तीन-चार सपाट चमचे साखर पाण्यात, १५ मिनिटांनी पुन्हा मोजा, अजून ७० च्या खाली असेल तर पुन्हा द्या.

दोन अपवाद लक्षात ठेवा. मधुमेहासाठी अकारबोज किंवा व्होग्लिबोज चालू असेल तर साखर आतड्यात लवकर फुटत नाही, तिथे ग्लुकोज पावडरच हवी. आणि रक्तदाबासाठी प्रोप्रानोलॉलसारखं बीटा ब्लॉकर चालू असेल तर कापरं आणि धडधड झाकली जाते, पण घाम येतोच. घामाच्या ग्रंथींना जाणारे सिंपथेटिक तंतू ॲसिटिलकोलिन सोडतात, त्यामुळे बीटा ब्लॉकर त्यांना अडवू शकत नाही. अशा माणसाला कारण नसताना गार घाम फुटला की आधी साखर मोजा. इन्शुलिनवर असाल तर पामबीच रोडवर गाडी काढण्याआधीही मोजा, ९० च्या खाली असेल तर खाऊनच निघा. मधुमेहाच्या ग्लिमेपिराइड गोळीने उतरलेली साखर काही तासांनी पुन्हा उतरू शकते, म्हणून एकदा बरं वाटलं तरी दवाखाना गाठा. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात काहीही घालू नका.


सीवूड्स_पूर्व · रविवार, संध्याकाळी ५:३०

दम्यासाठी किंवा सांध्यांसाठी महिनोन्महिने प्रेडनिसोलोन हे स्टेरॉईड घेतलेल्या माणसाने ते एकदम सोडलं तर? सांधेदुखीच्या पुड्या घेणारे तर कितीतरी, आणि त्या पुड्यांत काय आहे हेच त्यांना माहीत नसतं.


मासुंदा_काठ · रविवार, रात्री ९:०५

या प्रश्नासाठीच खरं तर धागा काढला होता. रोज ५ मिलिग्रॅमहून जास्त प्रेडनिसोलोन तीन-चार आठवड्यांच्या वर चाललं की हायपोथॅलॅमस आणि पिट्युटरीला वाटतं टाकी भरलेली आहे. एसीटीएच थांबतं आणि अधिवृक्क ग्रंथीची न वापरलेली साल आक्रसते. गोळी एकदम बंद केली तर टाकी रिकामी, पंप बंद, आणि पंप पुन्हा सुरू व्हायला काही महिने लागू शकतात. थकवा, मळमळ, उभं राहिल्यावर चक्कर, रक्तातलं सोडियम कमी. एरवी हे निभतं, पण मध्ये ताप, जुलाब, अपघात किंवा ऑपरेशन आलं की रक्तदाब कोसळतो.

म्हणून गोळी डॉक्टरांच्या तक्त्याप्रमाणे टप्प्याटप्प्याने उतरवायची. दम्याचे जास्त ताकदीचे पंप, क्लोबेटासोलसारखी मलमं अंगभर लावणं, सांध्यातली वारंवार इंजेक्शनं, यांनीही हेच होऊ शकतं. पुडी घेणाऱ्या माणसाचा चेहरा गोल झाला असेल, पोटावर जांभळट भेगा असतील, कातडी जरा घासली की काळंनिळं पडत असेल, तर त्यात स्टेरॉईड आहे असं धरून चाला आणि पुडी सोडायला लावण्याआधी त्याला डॉक्टरांकडे घेऊन जा.

मूळ बिघाड कुठे आहे हे ओळखायची खूणही सांगतो. अधिवृक्क ग्रंथीच नष्ट झाली असेल तर एसीटीएच खूप वाढतं आणि कातडी, हिरड्या, तळहाताच्या रेषा काळवंडतात. अल्डोस्टेरॉनही जातं, म्हणून पोटॅशियम चढतं. स्टेरॉईडमुळे किंवा पिट्युटरीमुळे हुकूम थांबला असेल तर रंग काळवंडत नाही आणि पोटॅशियम सहसा ठीक राहतं, कारण अल्डोस्टेरॉनला मुख्य हुकूम मूत्रपिंडाच्या रेनिनकडून येतो. 'पोटॅशियम नॉर्मल आहे, म्हणजे ग्रंथी ठीक आहे' हा निष्कर्ष इथे फसतो.

घरात असा कोणी असेल तर पाकिटात एक चिठ्ठी ठेवा: स्टेरॉईडचं नाव, डोस, किती महिने. ताप आला तर डोस किती दिवस दुप्पट करायचा हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या. उलट्यांमुळे गोळी पोटात टिकत नसेल तर घरी थांबू नका. कॅज्युअल्टीत पोचल्यावर पहिलं वाक्य हेच सांगा की हा माणूस स्टेरॉईडवर होता. तिथे १०० मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोन टोचतात आणि सलाईन लावतात. रिपोर्टसाठी जादा रक्त काढून ठेवता येतं, पण रिपोर्ट येईपर्यंत इंजेक्शन थांबवायचं नसतं.


सीवूड्स_पूर्व · रविवार, रात्री ९:५०

धन्यवाद सर. चिठ्ठी आत्ताच लिहायला घेते. पुडीचं वेष्टणही सोबत ठेवते, म्हणजे डॉक्टरांना दाखवता येईल.